पिकअप दहा-बारा वर्षं टिकवायची तर आधी काय सांभाळायचं? इंजिन की चासी?

मळ्यातला (नारायणगाव)

नमस्कार मंडळी,

पिकअप किती टिकते असं कुणी विचारलं की बोलणं लगेच इंजिनावर जातं. कुठलं इंजिन दणकट, कुणाचं तीन लाखांच्या पुढे गेलं, कुणाचं हेड उतरलं. आमच्या जुन्नर तालुक्यात टोमॅटो-कांदा वाहणाऱ्या जुन्या गाड्या बघून माझं मत वेगळं झालंय. पडून राहिलेल्या किंवा भंगारात निघालेल्या पिकअपांपैकी बऱ्याच गाड्यांचं इंजिन किल्ली मारली की चालू होतं. पण चासीला तडा गेलेला असतो, हौद्याखालचे आडवे चॅनल सडलेले असतात, पाटे (लोड झेलणाऱ्या लवचिक पोलादी पट्ट्या) सपाट झालेले असतात, मागचा डिफ्रन्शियल रडत असतो. इंजिन बांधून घेता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. चासी गेली की गाडी गेली.

माझी गाडी बीएस-४ (धुराच्या जुन्या नियमांच्या) काळातली आहे. अडीच लिटर, चार सिलिंडर, कॉमन रेल (उच्च दाबानं डिझेल फवारणारं) इंजिन, १.३ टन पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर लोड. मीटर सव्वातीन लाखांच्या आसपास. मुख्य रूट ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण आणि वाशी मार्केट. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा बोलेरो विरुद्ध योद्धा विरुद्ध दोस्त असा भरकटतो. पाटे-चासीच्या या पिकअपांची बांधणी मुळात सारखीच आहे. खाली शिडीसारखी चासी, मागे पाटे, सरळ एक्सल. जे एकीला लागू ते बाकीच्यांना.

लोडचा हिशेब आधी मांडतो, कारण माझ्या मते निम्मं आयुष्य तिथेच ठरतं. भरलेलं कॅरेट बावीस किलोच्या आसपास धरा. १,३०० किलोच्या गाडीत साठाच्या आत कॅरेट बसायला हवेत. आमच्याकडे लोक शंभर लावतात, वर ताडपत्री आवळतात आणि माळशेज उतरतात. पाटे बसले की चार जास्तीचे पाटे टाकून घेतात आणि गाडी 'तयार केली' म्हणतात. मी पासिंगच्या वर भरत नाही. त्यासाठी दोन-तीन व्यापारी सोडावे लागले. पण माझ्या गाडीला मागे मूळचेच पाटे आहेत.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जास्तीचा पाटा टाकणं कधी योग्य असतं? चासीच्या गंजावर खरोखर चालणारा उपाय कोणता? आणि ही गाडी ठेवावी की बीएस-६ घ्यावी?

---

पाना-पक्कड (कराड)

मळ्यातले भाऊ, मनातलं बोललात. माझं गॅरेज हायवेला आहे. उसाच्या पट्ट्यातल्या, भाजीच्या, दुधाच्या सगळ्या पिकअपा येतात.

पाट्यांचं आधी सांगतो. पाटा वाढवला की हौदा वर येतो आणि मालकाला वाटतं ताकद वाढली. ताकद फक्त पाट्यांची वाढलेली असते. एक्सल तोच, हबचं बेअरिंग तेच, चासी तीच, ब्रेक तोच. पूर्वी जो दणका पाटा लवून खायचा, तो आता न लवता सरळ हँगरमधून (पाटा चासीला अडकवणाऱ्या ब्रॅकेटमधून) चासीत जातो. म्हणून जास्त पाटे टाकलेल्या गाड्यांची चासी मागच्या शॅकलच्या (पाट्याच्या टोकाच्या हलत्या कडीच्या) ब्रॅकेटजवळ आणि केबिनच्या मागे, जिथे हौदा सुरू होतो तिथे तडकते. माझ्याकडे आलेले बहुतेक तडे या दोनच जागी.

दुसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत आहे, आणि ती जिवावरची आहे. बऱ्याच पिकअपांना मागे एक्सलजवळ एक दांडी आणि झडप असते, एलएसपीव्ही. लोड पडला की पाटे लवतात, एक्सल आणि चासीतलं अंतर कमी होतं, दांडी हलते आणि झडप मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडते. गाडी रिकामी असली की मागचा दाब कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत. आता तुम्ही चार पाटे टाकले. लोड भरला तरी गाडी खाली बसत नाही. झडपेला वाटतं गाडी रिकामीच आहे. म्हणजे दोन टन माल भरून तुम्ही घाट उतरताय आणि मागचा ब्रेक अर्धाच लागतोय. सगळं काम पुढच्या डिस्कवर. त्या लालभडक होतात, पॅड जळतात, पॅडल खाली जातं.

पाट्याचं काम केलं की दांडीचं सेटिंग कंपनीच्या मापाप्रमाणे करून घ्या. काही ठिकाणी ती गंजून जाम झालेली असते, काही ठिकाणी कुणीतरी तारेनं बांधून ठेवलेली असते. खाली वाकून एकदा बघाच.

जास्तीचा पाटा कधी योग्य, तर मूळचा तुटला असेल तेव्हा त्या जागी तेवढ्याच जाडीचा. बस्स. पाटे दबले असतील तर पूर्ण जुडगा बदला. आणि पाट्याचं काम झाल्यावर पाटे एक्सलला बांधणारे यू क्लॅम्प थोडी गाडी चालवून, लोड पडल्यावर पुन्हा आवळायचे असतात. ते कुणी करत नाही. क्लॅम्प ढिला राहिला की सेंटर बोल्ट कातरतो आणि एक्सल मागे सरकतो. पुढची गाडी तिरकी चालताना दिसली की समजा सेंटर बोल्ट गेला.

---

द्राक्षबाग (निफाड)

एलएसपीव्हीबद्दल पहिल्यांदाच इतकं स्पष्ट वाचलं, दादा. उद्याच गाडीखाली बघायला सांगते.

पाट्यांबद्दल आमच्या बाजूनं एक सांगते. द्राक्ष वाहणाऱ्याला कडक गाडी परवडतच नाही. जास्त पाटे टाकलेल्या गाडीत माल पिंपळगावपर्यंत नेला तरी मणी गळतात, आणि गळालेल्या मण्यांचा भाव वेगळा. त्यामुळे आमच्याकडे उलटं घडलं. मालाच्या काळजीपोटी गाड्या कमी भरल्या आणि त्याच जास्त टिकल्या. आमच्या दोन पिकअपांपैकी जी फक्त द्राक्ष आणि रोपं वाहते तिचे पाटे, बुश, शॅकल पिन दुसरीच्या दुप्पट चालतात. दुसरी खत आणि कांदा वाहते.

मी दोन्ही गाड्यांची वही ठेवते. डिझेल किती, मीटर किती, काय बदललं, कुठला पार्ट, किती पैसे. त्या वहीनं मला गॅरेजपेक्षा आधी गोष्टी सांगितल्या आहेत. अ‍ॅव्हरेज हळूहळू उतरलं तर एअर फिल्टर किंवा इंजेक्टर. एकदम उतरलं तर आधी चाकांजवळ हात नेऊन बघायचं. एखादा ड्रम किंवा डिस्क बाकीच्यांपेक्षा जास्त तापत असेल तर ब्रेक धरून बसलाय. त्यानं डिझेल जातं, टायर जातो आणि हबचं ग्रीस वितळून बेअरिंगही जातं. तापलेल्या चाकाला थेट हात लावू नका, जवळ नेला तरी कळतं.

आणि पाणी. आमच्या भागात बोअरचं पाणी जड आहे. रेडिएटरमध्ये तेच ओततात आणि दोन-तीन वर्षांत आत क्षार धरतो. मग उन्हाळ्यात लोडवर काटा वर जातो आणि हेड गॅस्केट उडतं. कुलंट मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड पाण्यातच. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये मी पाण्याचा कॅनच ठेवू देत नाही, तयार कुलंटचा डबा ठेवते.

---

मिरकरवाडा (रत्नागिरी)

गंजाबद्दल आमच्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाला नसेल. बंदरावरून मासळी घेऊन गाडी निघते तेव्हा हौद्यात बर्फ असतो. तो वितळतो, त्यात मासळीचं खारट पाणी मिसळतं आणि कोल्हापूरला पोचेपर्यंत ते पाणी चासीवर, पाट्यांवर, ब्रेकच्या नळ्यांवर ठिबकत राहतं. पावसाळ्यात तर गाडी कधी सुकतच नाही. आमच्याकडे चार-पाच वर्षांत हौद्याचा पत्रा खालून जाळीसारखा झालेला मी बघितलाय.

आमच्या गाड्यांवर आम्ही तीन बदल केले. हौद्यात फायबरचं अस्तर मारलं, सांध्यांना सील लावून. हौद्याला पाणी जाण्याची भोकं होती ती बंद करून दोनच ठेवली आणि त्यांना रबरी नळी लावून पाणी चासीच्या बाहेर, एक्सलच्या मागे सोडलं. पाणी कुठे पडतं हे फार महत्त्वाचं आहे. आमच्या आधीच्या गाडीत ते बरोबर डाव्या पाट्यावर पडायचं आणि त्याच बाजूचा हँगर सडला. तिसरं म्हणजे, फेरी संपली की गोड्या पाण्यानं खालून धुवायची. वरून चकाचक करून उपयोग नाही. जॅक लावून किंवा रॅम्पवर घेऊन खालून पाइप मारायचा, चासीच्या आतल्या खाचांत.

हौद्यात रबरी मॅट टाकणाऱ्यांना विनंती, ती महिन्यातून एकदा तरी उचला. मॅटखाली पाणी कोंडतं आणि पत्रा वरून खातो.

अजून एक. इंजिन आणि चासीच्या मध्ये अर्थची पट्टी असते. खाऱ्या हवेनं ती हिरवी पडते. मग सेल्फ अर्धवट फिरतो, डॅशवर भलतेच दिवे लागतात, लोक बॅटरी बदलतात, सेन्सर बदलतात. पट्टी काढून घासून पुन्हा आवळली की पुष्कळदा आजार बरा होतो.

---

घाटमाथा (शाहूवाडी)

आम्ही दर पावसाळ्याआधी चासीला जळकं ऑइल आणि डिझेल मिसळून फवारतो. आंबा घाटात पाऊस किती असतो ते सगळ्यांना माहीत आहे. आमची गाडी अजून ठणठणीत आहे. स्वस्त आणि मस्त उपाय.

---

पाना-पक्कड

घाटमाथा साहेब, जळक्या ऑइलनं पत्र्यावर थर राहतो आणि पाणी अडतं, हे खरं आहे. पण फवारताना ते पाट्यांच्या बुशवर, शॅकलच्या रबरावर, ब्रेकच्या होज पाइपवर आणि इंजिन माउंटिंगवर जातं. ऑइल-डिझेलनं रबर फुगतं आणि मऊ पडतं. ब्रेकचा होज पाइप फुगला तर काय होईल सांगायला नको. वर त्या थराला धूळ चिकटून चिखल जमतो आणि तडा दिसेनासा होतो. तडा वेळेत दिसणं हीच तर चासी सांभाळण्याची अर्धी बाजू. आणि ते ऑइल पुढच्या पावसात शेतातच उतरतं.

त्यापेक्षा चासी कोरडी करा, सुटलेला गंज वायर ब्रशनं काढा, एपॉक्सी प्रायमर आणि वर चांगला रंग मारा. बंद पोकळ भागात मेणाचं कॅव्हिटी कोटिंग नळीनं सोडतात, ते घ्या. खर्च येतो, पण दरवर्षी करावं लागत नाही. गंज न काढता वरून जाड काळं अंडरकोटिंग मारायचं नाही. आतला गंज झाकला जातो आणि पाणी त्या थराखाली अडकतं.

---

डेट्रॉईटकर (मिशिगन)

मी मूळचा सांगलीचा, इथे गाड्यांच्या पार्ट्सच्या टेस्टिंगमध्ये काम करतो. मिरकरवाडा यांचं वाचून हसूही आलं नाही आणि आश्चर्यही वाटलं नाही, कारण आमच्याकडे हेच मीठ रस्त्यावर टाकतात. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ पडतं आणि पिकअप सहा महिने त्यात फिरतात.

इथे टिकाऊपणासाठी सगळ्यात नावाजलेली पिकअप म्हणजे टोयोटाची टॅकोमा. तिच्याही चासीला गंजानं आरपार भोकं पडली आणि ते प्रकरण कोर्टात गेलं. २०१६ साली तडजोड झाली. त्यात २००५ ते २०१० या मॉडेल वर्षांच्या टॅकोमा, २००७ आणि २००८ च्या टंड्रा आणि २००५ ते २००८ च्या सिक्वोया मिळून सुमारे १५ लाख गाड्या होत्या. चासी तपासून १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठं भोक सापडलं तर कंपनीनं चासीच बदलून द्यायची, असं ठरलं. त्या गाड्यांची इंजिनं उत्तमच होती. इथे जुनी पिकअप विकत घेताना जाणता माणूस बॉनेट उघडण्याआधी हातोडी घेऊन खाली शिरतो, तो याच कारणानं. ठोकल्यावर आवाज खणखणीत आला तर ठीक, बोदा आला तर पत्रा आतून गेलाय.

मळ्यातले, तुमच्या लोडच्या मुद्द्यावर एक तांत्रिक भर. पोलाद एका दणक्यानं क्वचित तुटतं. लाखो छोट्या दणक्यांनी थकून तुटतं. आणि हे थकणं सरळ प्रमाणात नसतं. ताण २० टक्क्यांनी वाढला तर आयुष्य २० टक्क्यांनी घटत नाही, ते निम्म्याच्या आसपास येतं. वेल्डिंगच्या जागी, भोकांच्या कडेला, रिव्हेटजवळ तडा आधी सुरू होतो. साठाच्या जागी शंभर कॅरेट लावणारे लोक इंजिनाचं आयुष्य थोडं आणि चासीचं प्रचंड कमी करतात. तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

---

नवी पाटी (संगमनेर)

सगळं वाचतोय. मी जुनी पिकअप घेण्याच्या विचारात आहे, बजेट कमी आहे. बीएस-६ च्या नव्या गाड्यांबद्दल गावात एवढी भीती का आहे? सगळे म्हणतात जुनी बीएस-४ च घे.

---

पाना-पक्कड

भीतीचं कारण डीपीएफ. बीएस-६ देशभर १ एप्रिल २०२० पासून आलं. धुरातली काजळी अडवायला सायलेन्सरच्या लाइनमध्ये एक गाळणी बसली. काजळी भरली की गाडी स्वतःच धुराचं तापमान वाढवून, ५०० ते ६०० अंशांच्या आसपास नेऊन ती जाळते. त्याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी काही वेळ सलग बऱ्या वेगानं चालावी लागते. गावातल्या गावात, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते पूर्ण होत नाही. दिवा लागतो. ड्रायव्हर दिव्याकडे बघत नाही. मग गाडी ओढायची बंद होते.

दिवा लागला तर घाबरायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. पुस्तकात लिहिलंय तशी गाडी हायवेला घेऊन थोडा वेळ वरच्या आरपीएमला चालवायची. विझला नाही तर सर्व्हिस सेंटरला नेऊन मशीन लावून रिजनरेशन करून घ्यायचं. काही जण गाळणी पोकळ करून देतात. ते बेकायदा आहे, पीयूसी आणि फिटनेसला अडकतं, आणि ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) प्रोग्रॅममध्ये हात घातला की पुढचं इंजिन कुणाच्या भरवशावर?

ऑइल हा इथे कळीचा मुद्दा. डीपीएफच्या गाडीत पुस्तकात दिलेल्याच ग्रेडचं कमी राखेचं ऑइल घालायचं. साध्या ऑइलमधले रसायनी घटक जळून राख होते. काजळी जळते, राख जळत नाही. ती गाळणीत कायमची बसते. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाऊन लोक पूर्ण गाळणी बदलतात.

---

पर्थहून (ऑस्ट्रेलिया)

डीपीएफचा त्रास फक्त आपल्याकडच्या गाड्यांना आहे असं समजू नका. इथे टोयोटाची हायलक्स पिकअप म्हणजे शेतकरी, खाणवाले, सुतार सगळ्यांची गाडी. १ ऑक्टोबर २०१५ ते २३ एप्रिल २०२० या काळात विकलेल्या डिझेल हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्रादो मिळून अडीच लाखांहून जास्त गाड्यांच्या डीपीएफ व्यवस्थेत दोष होता, असा निकाल इथल्या फेडरल कोर्टानं २०२२ मध्ये दिला. आणि तो दोष सलग महामार्गाच्या वेगात चालवल्यावर दिसायचा. काजळी नीट जळायची नाही, पांढरा धूर यायचा. भरपाईचा वाद पुढे हायकोर्टापर्यंत (इथलं सर्वोच्च न्यायालय) गेला.

सांगायचा मुद्दा हा की गाडी घेताना ब्रँडच्या नावावर निर्धास्त राहू नका. तुमचा रूट कसला आहे, रोज किती किलोमीटर सलग चालते, ते आधी बघा. शंभर किलोमीटर एका दमात चालणाऱ्या गाडीची गरज वेगळी, आणि बाजारपेठेत फिरणाऱ्या गाडीची वेगळी.

---

द्राक्षबाग

ज्या बीएस-६ गाड्यांना डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) लागतं त्यांच्या मालकांसाठी एक कळकळीची सूचना. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजरहित पाणी. हे ऐकून आमच्याकडे कुणीतरी खताच्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतला. कृपया असं करू नका. शेतीचा युरिया आता निंबोळी तेल लावलेला असतो आणि त्यात इतरही अशुद्धी असतात. इंजेक्टर, पंप आणि महागडा कॅटॅलिस्ट सगळं त्यानं जातं. डबा सीलबंद घ्या, उन्हात ठेवू नका, पाण्यानं वाढवू नका.

तसंच शेतावर बॅरलमध्ये साठवलेल्या डिझेलचं. बॅरलच्या आत हवेतलं पाणी जमतं. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या वर असतो आणि इंजेक्टरची फट केसाहून बारीक. पाण्याचा थेंब तिथे गेला की इंजेक्टर खराब. डिझेल फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात तो दर आठवड्याला उघडायला लावते. बहुतेक वेळा काही निघत नाही. निघतं तेव्हा मात्र मोठा खर्च वाचतो.

---

कागदोपत्री (पुणे)

मळ्यातले यांचा प्रश्न ठेवू की नवी घेऊ असा आहे, म्हणून कागदांची बाजू सांगतो. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचं मिळतं, आठ वर्षं झाली की दरवर्षी. आपल्या राज्यात मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर पर्यावरण करही लागतो. म्हणजे नवव्या वर्षापासून कागदांचा खर्च वाढतो. पण नव्या गाडीच्या हप्त्याच्या मानानं तो अगदी किरकोळ आहे. गाडी तंदुरुस्त असेल तर केवळ कागदांसाठी विकू नका.

ओव्हरलोडबद्दल: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जास्तीचा माल उतरवून घेण्याचा खर्च. अपघात झाला तर विमा कंपनी आधी लोडच बघते. हौद्याची लांबी-उंची वाढवली असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर फिटनेसला तिथेच अडतं.

---

घाटमाथा

पाना-पक्कड दादा, रबराचा मुद्दा पटला. यंदा बुश आणि होज तपासून घेतो आणि प्रायमरचा खर्च विचारतो. घाटाबद्दल थोडं माझ्याकडून. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे आमच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलंय. तरीही आजची पोरं डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरवतात. कॉमन रेलच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडायचं जवळजवळ बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतंच. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि सगळा भार ब्रेकवर.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग लवकर उकळतं. घाटाच्या शेवटच्या वळणावर पॅडल स्पंजासारखं लागलं तर कारण तेच असतं. घाट चढून वर आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर मंद चालू द्या. टर्बोला ऑइल मिळत राहतं.

---

नवी पाटी

सगळ्यांचे आभार. जुनी गाडी बघायला जाताना नेमकं काय बघू? मेकॅनिक सोबत नेणारच आहे.

---

पाना-पक्कड

गाडी सकाळी थंड असताना बघायला जा आणि मालकाला आधी चालू करू देऊ नका. आधी खाली शिरा. चासीवर ताजा काळा रंग दिसला तर दुप्पट सावध व्हा. डेट्रॉईटकरांनी सांगितलं तशी हातोडी वापरा, शॅकलचे ब्रॅकेट, केबिनच्या मागचा भाग आणि हौद्याचे आडवे चॅनल. मागचे पाटे मोजा आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून बघा. जास्त असतील तर गाडी कायम ओव्हरलोड चाललीय, मीटर काहीही दाखवो. हौद्याच्या फाळक्याचे बिजागर आणि कडा सांगतात गाडीनं काय वाहिलंय. वाळू-विटा वाहिलेल्या हौद्याचा तळ ठोकळ्यांसारखा खालीवर झालेला असतो.

टायरवर बनवल्याची तारीख चार आकड्यांत असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी बघा. पुढचे टायर एका कडेनं खाल्लेले असतील तर अलाइनमेंट, बॉल जॉइंट किंवा चासीच वाकडी.

मग चालू करा. सुरुवातीचा धूर बघा. पांढरा राहिला, निळा आला, सतत काळा आला, प्रत्येकाचं कारण वेगळं. ऑइल भरायचं झाकण उघडून धूर फकफक येतो का बघा, येत असेल तर पिस्टनच्या रिंग गेल्यात. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा पाइप दाबून बघा. त्याला चीर असेल तर गाडीनं न गाळलेली धूळ खाल्लीय, आणि धुळीनं इंजिन जितकं लवकर झिजतं तितकं दुसऱ्या कशानंही नाही.

कागद कागदोपत्री साहेब सांगतील.

---

कागदोपत्री

वाहन पोर्टलवर नंबर टाकून कर्जाची नोंद, फिटनेस, विमा, कर आणि चलनं बघा. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवरून बँकेचा बोजा उतरलेला असेलच असं नाही. चासी नंबर कागदावर आणि प्रत्यक्ष, दोन्ही वाचा. नंबराच्या आसपास वेल्डिंग असेल तर परत या.

---

मळ्यातला

इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. निर्णय असा केला आहे: गाडी ठेवतोय. रूट लांबचा असला तरी इंजिन, पाटे, कागद सगळं धडधाकट आहे. नव्या गाडीच्या हप्त्याचे पैसे त्यापेक्षा चासीच्या प्रायमरवर, बुशवर आणि ब्रेकवर घालतो.

आज खाली बघितलं. एलएसपीव्हीची दांडी मोकळी हलते. पण उजव्या बाजूला, केबिनच्या मागे, चासीच्या खालच्या पट्टीवर एक बारीक रेघ दिसतेय. ती रंगाची भेग आहे की पोलादातला तडा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

---

पाना-पक्कड

ती जागा नीट घासून रंग काढा. रॉकेल किंवा डिझेल लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या. मग फडक्यानं पूर्ण कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत गेलेलं तेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. नसेल तर पूड कोरडी राहते.

रेघ उमटली तर सरळ वेल्डिंग मारायला नेऊ नका. आधी तड्याच्या टोकाला बारीक छिद्र पाडतात म्हणजे तो पुढे पळत नाही. मग तडा खणून वेल्डिंग, आणि वर पट्टी. पट्टीची टोकं तिरकी कापलेली हवीत, सरळ उभी नकोत, नाहीतर पुढचा तडा पट्टीच्या कडेला येतो. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीत नवीन भोकं पाडू देऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं: वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायर सोडवा, ईसीयूचा कपलर काढा आणि वेल्डिंगची अर्थ तड्याच्या अगदी जवळ लावा. कॉमन रेलच्या गाडीत हे केलं नाही तर चासी जोडली जाईल आणि ईसीयू जळेल.

फोटो इथे टाका, दिवसा उजेडात खालून काढलेला. जागा बघून पट्टी लागेल की नाही ते सांगतो.

---

मळ्यातला

खडू आणि रॉकेल घेऊन उद्या सकाळीच बसतो. दुपारपर्यंत फोटो टाकतो.